शनिवारी घातलेली अंडी

हिमानीने मुलांच्या सुट्टीचं वेळापत्रक लॅमिनेट करून लिफ्टमध्ये चिकटवलं, तेव्हाच जयदेव भोईरांना कळायला हवं होतं की हा मे महिना साधा जाणार नाही. साध्या कागदावरचं माणूस विसरू शकतो. लॅमिनेट केलेलं कुणी विसरू देत नाही.

अंबरनाथ पश्चिमेच्या त्या इमारतीत हिमानी दुसऱ्या मजल्यावर राहायची. घरूनच ऑफिसचं काम करायची आणि उरलेल्या वेळात इमारतीतल्या यच्चयावत मुलांना घडवायची. मुलं मोबाईलपासून लांब राहावीत यासाठी ती त्यांच्या आयांना दिवसभर मोबाईलवर मेसेज पाठवायची. सोमवारी कागदाच्या होड्या, मंगळवारी भेंडीचे ठसे, बुधवारी डाळी ओळखा. भेंडीचे ठसे घरोघरी उमटले आणि मंगळवारी कुणाच्याच घरी भेंडीची भाजी झाली नाही. यावर जयदेवांची काही तक्रार नव्हती. त्यांना भेंडी आवडत नसे.

शनिवारच्या चौकटीत लिहिलं होतं: 'चला शास्त्रज्ञ होऊया! डायनासोरची अंडी.'

कृती सोपी होती. प्रत्येकाने घरातून हाडासारखी एक वस्तू आणायची. ती शाडूच्या मातीत लपेटायची आणि अंडं वळायचं. शाडू गेल्या गणपतीतला, पोतंभर उरलेला. सगळी अंडी एकाच वाटीच्या मापाची, कारण विज्ञानात मापाला महत्त्व आहे. मग ती अंड्यांच्या ट्रेमध्ये गच्चीवर वाळवायची आणि रविवारी संध्याकाळी फोडून आतलं फॉसिल शोधायचं. ट्रेमध्ये सगळी अंडी सरमिसळ करायची, म्हणजे कुणाचं कुठलं ते कुणालाच कळणार नाही.

"आणि आत काय ठेवलंय ते कोणीही कोणालाही सांगायचं नाही," हिमानीने बजावलं होतं. "शोध लागायच्या आधी शास्त्रज्ञ बोलत नाहीत."

जयदेवांची नात रिद्धी सहा वर्षांची होती आणि सांगितलेलं अक्षरशः पाळणारी होती. हा गुण तिने कुणाकडून घेतला हे घरात कुणालाच सांगता आलं नसतं.

ती घरी हाड शोधायला आली. आता भोईरांच्या घरात एरवी हाडांना काय तोटा? सुरमईचे मणके, बोंबलाचे काटे, चिंबोरीचे आकडे, मटणाची नळी. एरवीच्या दिवशी त्या स्वयंपाकघरातून अख्खा डायनासोर उभा राहिला असता, शेपटीसकट. पण नेमका शनिवार. शनिवार मारुतीचा, त्या दिवशी भोईरांकडे मासळीचं नावही काढत नाहीत. शुक्रवारचे काटे सकाळी घंटागाडीने नेले होते. ओट्यावर होती मुगाची डाळ आणि आंब्याच्या कोयी. कोय तर सगळेच आणणार, हे रिद्धीने ओळखलं होतं. तिला काहीतरी खास हवं होतं.

बेसिनशेजारी स्टीलचा एक पेला होता. त्यावर ताटली झाकलेली होती. ताटली उचलल्यावर पाण्यात दिसले दात. वरचे, सगळेच्या सगळे, गुलाबी हिरडीसकट. डायनासोरला दात होते हे रिद्धीने पुस्तकात पाहिलं होतं. तिचा तर्क निर्दोष होता. तिने दात फ्रॉकला पुसले आणि ती खाली गेली.

दात आजीचे होते. आजी आतल्या खोलीत दुपारची झोपली होती.

*

कमळाबाईंना जाग आली तेव्हा अंडी गच्चीवर वाळत पडली होती. त्यांनी चहाआधी कवळी लावायला पेला उचलला. मग तो उलटा केला. मग पदर तोंडावर घेऊन बाहेर आल्या.

"अवो, माझे दात कुठं हान?"

"पेल्यात," पेपरातून मान वर न काढता जयदेव म्हणाले.

"पेल्यात असते तं तुमाला इचारला असता का?"

जयदेव उठले. ते ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले होते आणि हरवलेली वस्तू पद्धतशीर शोधावी या मताचे होते. त्यांनी बेसिनखाली पाहिलं, वॉशिंग मशीनमध्ये पाहिलं, देव्हाऱ्यामागे पाहिलं, फ्रिजमध्येही पाहिलं. फ्रिजमध्ये का, असं कमळाबाईंनी विचारलं नाही. त्या पलंगावर बसून होत्या आणि त्यांचा चेहरा पदराआड होता.

गोष्ट नुसत्या दातांची नव्हती. कमळाबाई चामटोलीच्या, आणि त्या धवलारीण होत्या. आगरी लग्नात भटजी उशिरा आला तर चालतो, पण धवले गाणारी बाई नसली तर हळदीला हात कोण लावणार? देवांना आणि घरच्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलावायचं, ते तिनेच. सगळं तोंडपाठ. पण दोन वर्षांपूर्वी कमळाबाईंचे दात हलायला लागले, मग पडायला लागले, आणि त्यांनी गाणं सोडलं. मग बोलणंही कमी केलं. लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर पदर तोंडावर आणि मान हलवायची. दात गेल्याचं इमारतीत कुणालाही कळता कामा नये, अशी त्यांनी घरच्यांना शपथच घातली होती.

नवी कवळी पंधरा दिवसांपूर्वी आली होती. आणि उद्या रविवारी रात्री चामटोलीला त्यांच्या भावाच्या नातीची, किर्तीची हळद होती. दुसरी धवलारीण त्याच दिवशी तीन मांडवांत बांधलेली. भावाने फोनवर सांगितलं होतं, "अक्का, तू आयलीस तं बरा, नाय तं पोरं बोलतान, मोबाईलवर लावू."

त्या वाक्यानंतर कमळाबाई रोज दार लावून सराव करत होत्या. मारुतीपासून सुरुवात करून गावदेवीपर्यंत जायच्या. जयदेव हॉलमध्ये टीव्हीचा आवाज बंद करून ऐकत बसायचे आणि दार उघडलं की पुन्हा मोठा करायचे.

"दुसरी मिळल," जयदेव आता म्हणाले. "उल्हासनगर हाय ना."

उल्हासनगरात कुठल्याही वस्तूची हुबेहूब दुसरी मिळते यावर त्यांची श्रद्धा होती. त्यांनी जिथे कवळी बसवली होती त्या दवाखान्यात फोन लावला. कंपाउंडरने शांतपणे ऐकून घेतलं.

"अंकल, ये चार्जर थोडी है," तो म्हणाला. "नाप लेना पड़ेगा. आठ-दस दिन तो पकडो."

श्रद्धा गेली. तेवढ्यात रिद्धी शाडूने माखलेले हात घेऊन घरात आली, आणि जयदेवांनी त्या हातांकडे बराच वेळ पाहिलं.

"रिद्धी बाळा, अंड्यात काय ठेवलंस गं तू?"

"सीक्रेट आहे."

"हाड हाय का?"

"नाय." रिद्धीने विचार केला. शास्त्रज्ञाने बोलायचं नसतं, पण खोटं बोलायचं नसतं हेही शाळेत सांगितलं होतं. "हाडाच्या बाजूचं आहे."

आतून कमळाबाईंनी देवाचं नाव घेतलं. दातांशिवाय घेतल्यामुळे नेमकं कुठल्या देवाचं ते कळलं नाही.

*

जयदेव गच्चीवर गेले. ट्रेमध्ये अंडी एकसारखी मांडलेली होती, एकाच वाटीच्या मापाची, एकाच राखाडी रंगाची. विज्ञानावर त्यांना पहिल्यांदाच राग आला. नारळ घेताना कानाशी धरून हलवतात तसं एकेक अंडं त्यांनी हलवून पाहिलं. ओल्या शाडूतून आवाज येत नाही हे त्यांना पाचव्या अंड्याला कळलं. सहावं हातातच दबलं. आतून आंब्याची कोय निघाली.

"काका?"

दारात हिमानी उभी होती. मागे तिची मुलगी इरा.

"हवा खायला आलो होतो," जयदेव म्हणाले.

"अंडं हातात घेऊन?"

"मम्मी, आजोबांनी एक फोडलं!" इरा ओरडली. "चीटिंग!"

जयदेवांनी कोय पुन्हा मातीत दाबली आणि अंड्याला शक्य तितका अंड्याचा आकार दिला. "मला या विषयाची आवड आहे," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

खोटं बोलणारा माणूस घाई करतो, जयदेवांनी घाई केली नव्हती. हिमानीचा चेहरा उजळला. आजवर एकाही आजोबाने तिच्या वेळापत्रकात रस घेतला नव्हता.

"काका, मग उद्या तुम्हीच आमचे चीफ सायंटिस्ट! तुम्ही फोडून दाखवायचं. मी ग्रुपवर टाकतेच."

"एखादं आज..."

"नाही हं काका. प्रोसेस असते."

तिने गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. जिना उतरेपर्यंत जयदेवांच्या खिशातल्या मोबाईलवर त्यांच्याच नावापुढे हातोडीचं चित्र येऊन पडलं होतं.

कमळाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पदर बाजूला न करता म्हणाल्या, "त्या बायांच्या समोर माझे दात निंगाले ना, तं मी चामटोलीला नाय जायाची. भावाला सांगा, ताप आयला. लावू दे मोबाईल."

"मी निंगू देतंय व्हय?" जयदेव म्हणाले. "मी चीफ हाय."

*

रविवारी कमळाबाईंनी सकाळी पेज घेतली आणि सराव केला नाही. घरात इतकी शांतता होती की सून जिज्ञासाने दोनदा टीव्ही चालू आहे ना ते पाहिलं. मुलगा भूपेश मात्र खूश होता. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. बातमी फुटते ती बहुतेक भूपेशकडून, हा घरचा अनुभव होता.

संध्याकाळी गच्चीवर मुलं गोल करून बसली. आयाही आल्या होत्या, कारण फोटो काढायचे होते. हिमानीने छोट्या हातोड्या, रंगाचे ब्रश आणि भिंगं मांडून ठेवली. जयदेव हळदीला जायचा पांढरा शुभ्र झब्बा घालून आले आणि सोबत गणपती विसर्जनाचा मोठा निळा टब घेऊन आले. त्यात पाणी भरलं.

"काका, हे कशाला?"

"ही अंडी फोडायची नसतात," जयदेव म्हणाले. "ही पाण्यात उबतात."

"पण व्हिडिओमध्ये तर..."

"तो व्हिडिओ परदेशातला. आपला डायनासोर उल्हास नदीकाठचा. नदीचं जनावर. त्याला कोरडं चालत नाही."

हिमानीने मोबाईलवर शोधून पाहायला घेतलं, पण तोवर मुलांनी निकाल दिला होता. पाण्यात काहीही टाकायचं असलं की मुलांचं एकमत होतं. एकेक अंडं बुडालं. शाडूच तो, दीड दिवसाच्या गणपतीसारखा गुपचूप विरघळला. पाणी गढूळ झालं. जयदेवांची योजना एवढीच होती. आतलं कुणाला दिसू नये आणि हात मात्र आपला असावा.

त्यांनी बाही वर सारली आणि टबात हात घातला.

पहिली निघाली कोय. दुसरीही कोय. मग एक शिंपला, मग कोंबडीची तंगडी. मग पुन्हा कोय. तळमजल्यावरच्या तुषारच्या अंड्यातून तुटका कंगवा निघाला.

"हे हाड आहे का?" इराने विचारलं.

"डायनासोरचा कंगवा आहे," तुषार म्हणाला. "त्याला केस होते."

"नव्हते!"

"तुला काय माहीत? तू बघितलास?"

या शास्त्रीय वादाचा फायदा घेऊन जयदेवांनी टबाचा तळ चाचपला. कवळी त्यांच्या हाताला लागली. खरं म्हणजे ती हाताला लागली नाही, चावली. त्यांनी मूठ वळली, खोकला आल्यासारखं केलं, आणि मूठ झब्ब्याच्या खिशात रिकामी झाली. कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्या आया कंगव्याचे फोटो काढत होत्या. जयदेवांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी तुषारची बाजू घेतली आणि डायनासोरला थोडे केस असावेत असं जाहीर केलं.

मग मुलं आपापलं फॉसिल उचलायला लागली. ज्याचं त्याने ओळखलं. कोयींवरून थोडी मारामारी झाली. शेवटी टब रिकामा झाला आणि रिद्धी तशीच उभी राहिली.

"माझं कुठाय?"

"बघ गं नीट," हिमानी म्हणाली. "तुझं काय होतं?"

रिद्धीने ओठ घट्ट मिटले. शोध अजून लागला नव्हता, त्यामुळे सांगता येत नव्हतं. तिने टबात वाकून पाहिलं, मातीत हात फिरवला, आणि मग तिने आजोबांकडे पाहिलं. पांढऱ्या झब्ब्याच्या खिशापाशी राखाडी पाण्याचा डाग हळूहळू मोठा होत होता.

"आजोबांनी घेतलं!" रिद्धी रडायला लागली. "आजोबांनी खिशात टाकलं! माझं सगळ्यात चांगलं होतं!"

"चीटिंग!" इरा म्हणाली. कालपासून ती हेच सांगत होती.

सगळ्या आया जयदेवांकडे पाहू लागल्या. एकीचा मोबाईल तसाच वर धरलेला होता.

"काका, खिशात काय आहे?"

"त्याचं," जयदेव खिशावर हात ठेवून म्हणाले, "त्याचं अजून संशोधन चालू आहे."

खाली भूपेश गाडीचा हॉर्न वाजवत होता. जयदेवांनी दाराकडे पाहिलं. तिथे कमळाबाई उभ्या होत्या, पिवळं लुगडं, गळ्यात ठसठशीत सोनं, डोक्यात गजरा आणि तोंडावर पदर. त्या हाक मारायला वर आल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. आता नुसती मान हलवली असती तर जयदेव निघाले असते, दात वाचले असते, रिद्धी गाडीत रडून झोपली असती.

रिद्धी हुंदके देत म्हणत होती, "मी... मी कोय नव्हती आणली. सगळ्यांनी कोय आणली. मी नाय."

कमळाबाई पुढे आल्या. त्यांनी नवऱ्याच्या खिशात हात घातला आणि कवळी काढली. गच्चीच्या नळाखाली ती धरली, हिमानीने मांडून ठेवलेला एक रंगाचा ब्रश उचलला आणि दात नीट घासले. फॉसिल ब्रशने साफ करायचं असतं, हे त्या दिवशी फक्त त्यांनीच पाळलं. मग पाठ न वळवता, सगळ्यांच्या देखत, त्यांनी ते तोंडात बसवले. पदर खाली सोडला.

"ह्यो फॉसिल माझे रिद्धीचा," त्या खणखणीत म्हणाल्या. "आन् दात माझे. हाय कुनाचा काय बोलना?"

रिद्धीचा हुंदका अर्ध्यावर थांबला.

"आजी," तुषारने हळूच विचारलं, "तुम्ही डायनासोर आहात?"

"हाव ना. जुनी."

मग जो गलका झाला तो खाली भूपेशला ऐकू गेला आणि त्याने हॉर्न बंद केला. मुलांना पुन्हा बघायचं होतं. कमळाबाईंनी दात काढून दाखवले, लावून दाखवले, पुन्हा काढले. इराने कंगवा आणि कोयी एका बाजूला सारल्या आणि पहिला नंबर रिद्धीचा असं स्वतःच जाहीर केलं. शेवटी "आता बस, झिजतील" असं म्हणून आजींनी खेळ थांबवला.

हिमानी जवळ आली. ती जरा गोंधळलेली होती.

"काकू, म्हणजे तुम्ही एवढे दिवस यामुळे बोलत नव्हता?"

"मंग कशामुलं?"

"आम्हाला वाटायचं, तुम्हाला आमचा राग आहे. लिफ्टमध्ये तोंड झाकून घ्यायचात. म्हणून मग आम्ही हळदीकुंकवालाही..." तिने वाक्य सोडून दिलं. "आम्ही म्हणायचो, गावच्या जमीनवाल्या, त्या कशाला येतील आपल्यात."

कमळाबाईंनी कपाळाला हात लावला. "राग कसला गं माझे बाय! तोंड उघरला का वारा जायचा, म्हणून झाकत होते."

"अहो, माझ्या सासूबाईंची दोनदा वॉशिंग मशीनमधून निघालीय," हिमानी म्हणाली. "आम्ही तर आधी तिथेच बघतो."

"मीपन तिथेच बघितली होती," जयदेव म्हणाले. आपली पद्धत बरोबर होती याचा त्यांना आनंद झाला.

*

चामटोलीच्या मांडवात पोरांनी मोबाईल स्पीकरला जोडूनच ठेवला होता. कमळाबाईंनी आल्याआल्या पिन उपटली आणि भाच्याच्या हातात दिली. मग नवरीशेजारी बसल्या, डोळे मिटले आणि मारुतीपासून सुरुवात केली. आवाज जरा घोगरा निघाला, दुसऱ्या ओळीला मोकळा झाला. गावदेवी आली, मग सात पिढ्यांमागची माणसं आली, मग त्यांची आजी आली, मग आई आली. एकही नाव घसरलं नाही. किर्तीच्या गालाला हळद लागली तेव्हा पाठीमागच्या बायका ओळी झेलून घ्यायला लागल्या होत्या आणि डीजेवाला आपल्या स्पीकरच्या डब्यांवर बसून पान लावत होता.

जयदेवांनी झब्ब्यावरचा डाग उपरण्याने झाकला होता. धवला संपेपर्यंत त्यांनी श्वासच घेतला नव्हता असं त्यांना वाटलं. मग त्यांनी तो घेतला, आणि लगेच जेवणाच्या पंगतीकडे गेले.

रिद्धी मात्र मांडवभर फिरत होती आणि प्रत्येकाच्या कानात सांगत होती, "माझ्या आजीचे दात डायनासोरचे आहेत." शोध लागला होता, त्यामुळे आता सांगायला हरकत नव्हती. ऐकणारा कमळाबाईंकडे पाहायचा, आणि कमळाबाई त्याच्याकडे बघून सगळे दात दाखवून हसायच्या.

पंगतीत मटण होतं, वर सुरमई होती. रविवारच होता. रिद्धी आजोबांशेजारी येऊन बसली आणि त्यांच्या ताटात लक्ष ठेवून राहिली. नळी चोखून झाली की ती उचलायची, पाण्याने धुवायची आणि रुमालात बांधायची. मग सुरमईचा मणका. मग शेजारच्या पाहुण्याच्या ताटातलाही.

"अगं, हे कशाला?" पाहुण्याने विचारलं.

"शनिवारसाठी," रिद्धी म्हणाली. "आमच्याकडे शनिवारी काही नसतं."

जयदेवांनी आपल्या ताटातली उरलेली नळी तिच्या रुमालात टाकली. नळीवर अजून थोडं मटण होतं.